बंडी आपली, बैल उसने

परवा रात्री पंचवटी चौकात चहाच्या टपरीवर तेजसचा विषय निघाला. १७ ऑक्टोबर २०२५ ला नाशिकजवळच्या ओझरहून तेजस मार्क-१ए उडालं, त्याचा व्हिडिओ कुणीतरी मोबाईलवर लावला होता. आपल्या महाराष्ट्राच्या मातीतून उडालेलं विमान. छाती फुगावी अशीच गोष्ट आहे, माझीही फुगली. पण मला एकदम एक म्हातारा माणूस आठवला आणि घोट घशात अडकला. त्या माणसाचं एक कर्ज माझ्यावर आहे. ते आज फेडतो. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

२००४ चं साल. जर्नालिझमचा डिप्लोमा करून मी अकोल्याला एका दैनिकात डेस्कवर लागलो होतो. नोव्हेंबर संपता संपता बातमी आली, की नाशिकच्या कारखान्यात जुळवलेलं पहिलं सुखोई-३० एमकेआय हवाई दलाकडे सोपवलं. मी तरुण, रक्त गरम. मथळा ठोकला : 'नाशिकने घडवलं स्वदेशी लढाऊ विमान'. दुसऱ्या दिवशी दुपारी एक गृहस्थ कात्रण घेऊन ऑफिसात हजर. मूर्तिजापूर तालुक्यातले, हवाई दलातून निवृत्त, विमानांच्या इंजिनांवर उमेदीची वर्षं काढलेले. खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

"हे तू लेहलं काय?"

"हो काका."

"स्वदेशी कसं काय रे बापू? आराखडा रशियाचा, इंजिन रशियाचं. आपण जुळवलं, चांगलं जुळवलं, त्याले नाही म्हनत नाही मी. पन बंडी कोनाची अन् बैल कोनाचे, हे आधी पाय. मंग मथळा दे."

मग शांत होऊन बसले आणि चहा घेता घेता म्हणाले, "आपली सोताची बंडी होती एक. मारुत नाव होतं तिचं. बैलं भेटले नाही तिले."

मी मारुत हे नाव तोपर्यंत ऐकलेलं नव्हतं. पत्रकारितेचा डिप्लोमा झालेला, रोज बातम्या हाताळणारा माणूस, आणि आपल्या देशाने स्वतः आखलेलं पहिलं जेट लढाऊ विमान कोणतं हे मला माहीत नव्हतं. तेव्हापासून मिळेल ते वाचत गेलो. आज जे लिहितोय ते त्यातलंच.

मारुतच्या आधी आपल्याच एका माणसाबद्दल सांगायला पाहिजे. कोल्हापूर जिल्ह्यात गडहिंग्लज तालुक्यात हसूरचंपू नावाचं गाव आहे. तिथे १९०८ साली विष्णू माधव घाटगे जन्मले. शिकत शिकत हा मुलगा थेट जर्मनीत गटिंगेनला पोचला, लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली. पंखावरून हवा कशी वाहते, पृष्ठभागाला चिकटून वाहणारा हवेचा पातळ थर काय करतो, हे ज्याने जगाला समजावलं तो हा प्रांट्ल. त्यांच्याकडे डॉक्टरेट करून घाटगे परत आले. पण परत येऊन करणार काय? तेव्हा देशात विमानाचा कारखानाच नव्हता.

तो काढला दुसऱ्या एका आपल्याच माणसाने. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी. १९३९ मध्ये प्रवासात त्यांची विल्यम पॉली या अमेरिकन विमान व्यावसायिकाशी गाठ पडली आणि त्यातून भारतात कारखाना काढायची कल्पना आली. म्हैसूर संस्थानाने हात पुढे केला आणि २३ डिसेंबर १९४० ला बंगळुरात हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी नोंदली गेली. आज आपण जिला एचएएल म्हणतो तिचं मूळ हे. १९४१ मध्ये हार्लो जातीचं पहिलं विमान जुळवून झालं, १९४२ मध्ये हॉक हे लढाऊ विमान. आराखडे सगळे अमेरिकन. त्याच कारखान्यात घाटगे रुजू झाले. पण जपान दाराशी आलेला होता. १९४२ मध्ये सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेतला आणि पुढच्या वर्षी कारखाना अमेरिकन हवाई दलाच्या दुरुस्ती डेपोसारखा चालू लागला. नवं विमान घडवायचं काम मागे पडलं.

स्वातंत्र्यानंतर घाटगेंना मोकळा हात मिळाला. ऑगस्ट १९५१ मध्ये एचटी-२ उडालं. दोन आसनांचं शिकाऊ विमान, संपूर्ण भारतीय आराखड्याचं. आपल्या वैमानिकांच्या कितीतरी तुकड्या त्यावर शिकल्या, आफ्रिकेतल्या घाना देशानेही ते विकत घेतलं. पुढे १९५८ मध्ये फ्लाइंग क्लबांसाठी पुष्पक, १९६४ मध्ये किरण हे जेट ट्रेनर. १९६५ मध्ये घाटगेंना पद्मश्री मिळाली. आपल्या पोरांना शाळेत राईट बंधू शिकवतात, शिकवावेतच. पण गडहिंग्लजचा हा माणूस किती शाळांत शिकवला जातो, हे सांगायची गरज नाही.

आता यातली खोच बघा. एचटी-२ चं इंजिन ब्रिटिश. पुष्पकचं अमेरिकन. किरणचं पुन्हा ब्रिटिश. काकांच्या भाषेत, बंडी आपली आणि बैल उसने. शिकाऊ विमानात ते खपून गेलं. लढाऊ विमानात नाही खपलं.

पन्नाशीच्या दशकात हवाई दलाने मागणी केली, आवाजाच्या दुप्पट वेगाकडे जाईल आणि वेगवेगळी कामं करेल असं लढाऊ विमान पाहिजे. तोवर आपण पंखा फिरवणारी शिकाऊ विमानं केलेली. उडी फार मोठी होती. म्हणून नेहरू सरकारने १९५६ मध्ये कुर्ट टँक यांना बोलावलं. दुसऱ्या महायुद्धातलं गाजलेलं जर्मन लढाऊ विमान फोके-वुल्फ १९० यांनी आखलं होतं. युद्ध हरल्यावर अर्जेंटिनात जाऊन त्यांनी तिथे जेट उडवलं, आणि तिथून आपल्याकडे आले. सोबत जर्मन इंजिनिअरांचा छोटा गट. घाटगेंनी उभा केलेला डिझाइन विभाग तेव्हा लहानच होता, वरिष्ठ माणसं बोटावर मोजण्याइतकी. काम करता करताच तो विभाग वाढला.

यातला एक प्रसंग मला फार आवडतो. जेट बनवण्याआधी त्यांनी त्याच आकाराचं, त्याच मापाचं लाकडी विमान बनवलं. बिनइंजिनाचं. डाकोटा विमानाला दोर बांधून ते वर न्यायचं, दोर सोडायचा आणि तरंगत खाली आणायचं. १९५९ पासून अशी सत्तरहून जास्त उड्डाणं झाली. विमान हातात कसं वागतं, उतरताना कसं झुकतं, सगळं तपासून घेतलं. हातात पैसा कमी, सोयी कमी, तर सुताराकडून शिकून घेतलं म्हणा ना. आपल्याकडे हे होऊ शकतं, याचा तो पुरावा आहे.

१७ जून १९६१ ला विंग कमांडर सुरंजन दास यांनी एचएफ-२४ मारुत पहिल्यांदा उडवलं. काम सुरू झाल्यापासून पाच वर्षांच्या आत. आजच्या कोणत्याही प्रकल्पाशी ताडून बघा. सोव्हिएत संघ सोडला तर आशियात आराखड्यापासून घडवून सेवेपर्यंत पोचलेलं हे पहिलं जेट लढाऊ विमान. कमरेत बारीक, निमुळतं नाक, मागे दोन इंजिनं शेजारी शेजारी. मुंबईत वरळीच्या नेहरू सायन्स सेंटरमध्ये एक मारुत ठेवलेलं आहे. मी गेलो तेव्हा पोरं त्याच्यासमोर सेल्फी काढत होती. विमान देखणं आहे, खोटं कशाला बोला.

आता इंजिनाकडे येऊ. टँक यांनी विमान आखलं ते ब्रिस्टल कंपनीच्या ऑर्फियस-१२ या इंजिनाच्या भरवशावर. त्याला आफ्टरबर्नर असणार होता, म्हणजे मागून निघणाऱ्या गरम वायूत पुन्हा इंधन पेटवून जास्तीचा रेटा काढायची सोय. एका इंजिनाचा रेटा सुमारे ३७०० किलो. दोन मिळून ७४००. पण युरोपात त्या इंजिनाला गिऱ्हाईक उरलं नाही आणि ब्रिटिश सरकारनेही हात काढून घेतला. कंपनी म्हणाली, उरलेल्या विकासाचा खर्च भारताने द्यावा. सुमारे ३० लाख पौंड, तेव्हाच्या दराने साधारण ४ कोटी रुपये. आपण नाही म्हटलं.

मग तात्पुरतं म्हणून साधं ऑर्फियस-७०३ बसवलं, नॅट या छोट्या विमानाच्या इंजिनाच्याच ऑर्फियस घराण्यातलं. रेटा प्रत्येकी सुमारे २२०० किलो, दोन मिळून ४४००. हिशोब तुम्हीच करा. ७४०० किलोसाठी आखलेलं अंग, आणि ओढायला ४४००. दुप्पट वेगाचं स्वप्न आवाजाच्या वेगाशीच येऊन थांबलं.

त्यानंतर आपण जगभर बैल शोधत फिरलो. रशियन इंजिनं पाहिली, जमलं नाही. इजिप्तमध्ये मेसरश्मिट हे दुसरे नामवंत जर्मन डिझायनर लढाऊ विमान करत होते, त्यासाठी ब्रँडनर नावाचे ऑस्ट्रियन इंजिनिअर ई-३०० हे इंजिन घडवत होते. आपण एक मारुत इजिप्तला पाठवलं. १९६७ मध्ये एका बाजूला त्यांचं इंजिन आणि एका बाजूला आपलं ऑर्फियस लावून ते तिथे उडालंही. बैलजोडीत एक बैल खिलार आणि एक गावरान. पण १९६९ मध्ये इजिप्तने आपला प्रकल्पच गुंडाळला. शेवटी आपल्याच शास्त्रज्ञांनी ऑर्फियसला आफ्टरबर्नर जोडायचा प्रयत्न केला. १० जानेवारी १९७० ला त्या सुधारित मारुतची चाचणी करताना अपघात झाला आणि ग्रुप कॅप्टन सुरंजन दास गेले. पहिलं उड्डाण ज्यांनी केलं, तेच. त्यांना मरणोत्तर पद्मभूषण दिलं.

आता थोडं बाहेर बघू, कारण ही गोष्ट फक्त आपली नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या इटलीचं उदाहरण घ्या. १९४१ मध्ये एरिट्रियात केरनला आपल्या मराठा पलटणी इटालियन फौजांशी लढल्या, तेव्हा डोक्यावर इटलीची सीआर-४२ विमानं होती, दुहेरी पंखांची, जुन्या जमान्यातली. गंमत म्हणजे हाच देश वेगात जगाच्या पुढे होता. मारियो कास्तोल्दी या डिझायनरच्या माकी एमसी-७२ या पाण्यावरून उडणाऱ्या विमानाने १९३४ मध्ये ताशी ७०९ किलोमीटरचा विक्रम केला, आणि पंखा फिरवणाऱ्या इंजिनाच्या समुद्री विमानांत तो आजही मोडलेला नाही. पण ते शर्यतीचं इंजिन युद्धाच्या कामाचं नव्हतं, आणि लढाऊ विमानांसाठी इटलीने गोल, हवेने थंड होणाऱ्या इंजिनांचा मार्ग धरला. त्याच कास्तोल्दींनी १९३७ मध्ये माकी सी-२०० आखलं. अंग चपळ, पण इंजिन ८७० अश्वशक्तीचं. वेग ताशी ५०० च्या आसपास.

मग १९४० मध्ये त्याच घडणीवर जर्मन डेमलर-बेंझचं ११७५ अश्वशक्तीचं इंजिन बसवलं. विमानाचं नाव झालं सी-२०२ आणि वेग गेला ६०० कडे. डिझायनर तोच, पंख जवळपास तेच. फक्त बैल बदलले आणि मागे पडलेलं विमान शत्रूच्या बरोबरीने लढू लागलं. पण इथेही मेख होतीच. ते इंजिन इटलीत अल्फा रोमिओ कंपनी परवान्यावर बनवत होती आणि तिचा वेग पुरत नव्हता. विमानाचे सांगाडे होतील तेवढे करता आले असते, इंजिनं मिळतील तेवढीच विमानं बाहेर पडत होती.

हे वाचताना मला ओझर आठवलं नसतं तरच नवल. २०२१ मध्ये ८३ तेजस मार्क-१ए चा करार झाला. त्यासाठी अमेरिकेच्या जीई कंपनीकडून ९९ इंजिनं घ्यायची ठरली. पहिलं इंजिन हातात पडलं मार्च २०२५ मध्ये. मधल्या काळात विमानाचे सांगाडे तयार आणि इंजिनाची वाट, असं चित्र सगळ्या देशाने पाहिलं. सप्टेंबर २०२५ मध्ये मिग-२१ निवृत्त झाली, ताफा आणखी कमी झाला, आणि आपण दुसऱ्याच्या कारखान्याकडे डोळे लावून बसलो.

स्वतःचं इंजिन करायचा प्रयत्न झाला नाही असं नाही. तेजससाठी कावेरी इंजिनाला १९८९ मध्ये मंजुरी मिळाली. रेटा पुरेसा मिळेना, वजन आटोक्यात येईना, आणि २००८ मध्ये ते तेजसपासून वेगळं करण्यात आलं. यात शास्त्रज्ञांना शिव्या देऊन काही होत नाही. जेट इंजिनाच्या आतली पाती ज्या तापमानात फिरतात, ते त्या धातूच्या वितळबिंदूच्याही वर असतं. पात्याच्या पोटात बारीक भोकं पाडून थंड हवा खेळवतात, म्हणून ती टिकतात. पातं अख्खं एकाच स्फटिकाचं ओतावं लागतं. जगात मोजक्याच देशांना हे नीट जमतं, आणि ज्याला जमतं तो शेजाऱ्याला शिकवत नाही. हे पैसे देऊन एका वर्षात येत नाही. पिढ्या लागतात, आणि पिढ्या लागणाऱ्या कामाला दर अर्थसंकल्पात पैसे ठेवत राहावे लागतात.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर काका वरून पुन्हा कात्रण घेऊन येतील. उसनं इंजिन घेणं म्हणजे काही पाप नाही. स्वीडनचं ग्रिपेन उत्तम विमान आहे, त्याचंही इंजिन मूळ अमेरिकन घराण्याचं. आणि साठीच्या दशकात ४ कोटी रुपये नाकारणारे लोक मूर्ख नव्हते. १९५७-५८ पासून परकीय चलनाची चणचण होती, धरणं बांधायची होती, धान्य आणायचं होतं. त्यांच्या जागी बसलो असतो तर मीही कदाचित नाही म्हटलं असतं. फक्त त्या 'नाही'ची किंमत पुढे कितीदा मोजली, याचा हिशोब कुणी मांडत नाही. १९६२ नंतर आपण मिग-२१ घेतलं, नाशिकचा कारखाना त्याच्यासाठीच उभा राहिला. नाशिकचं भलं झालं, हजारो हातांना कसब मिळालं. पण आराखडा करणारी माणसं मारुतनंतर पांगली. टँक १९६७ मध्ये निघून गेले. तेजसचं पहिलं उड्डाण झालं ४ जानेवारी २००१ ला. मारुत आणि तेजस यांच्या पहिल्या उड्डाणात जवळपास ४० वर्षांचं अंतर. दोन पिढ्या इंजिनिअर झाल्या आणि निवृत्त झाल्या, आपलं लढाऊ विमान न उडवता.

आणि अशक्त बैलांची ती बंडी लढाईत कशी निघाली? १९७१ मध्ये राजस्थानच्या आघाडीवर १० आणि २२० क्रमांकाच्या स्क्वाड्रननी मारुत लढवली. रणगाडे, रेल्वे, दारूगोळ्याचे साठे यांच्यावर खालून उडत हल्ले केले. जमिनीवरच्या तोफांनी काही पाडली. पण हवाई झुंजीत शत्रूला एकही मारुत पाडता आलं नाही. उलट ७ डिसेंबरला स्क्वाड्रन लीडर के. के. बक्षी यांनी मारुतमधून पाकिस्तानचं सेबर पाडलं. एक इंजिन बंद पडूनही दुसऱ्यावर परत आलेली मारुत होती. एकूण १४७ बनली आणि १९९० च्या सुमारास शेवटची निवृत्त झाली. काका त्या इंजिनांबद्दल बोलताना म्हणायचे, "कमजोर होतं, पन इमानदार होतं."

तुम्ही म्हणाल, हे वऱ्हाडात बसून आम्हाला काय? आपल्याला तर ही गोष्ट सगळ्यांत आधी कळायला पाहिजे. शंभर-दीडशे वर्षं आपण कापूस पिकवतोय. अकोल्याहून, अमरावतीहून गाठी भरभरून गेल्या, कापड दुसरीकडे झालं आणि भाव तिसऱ्यानेच ठरवला. पीक आपलं आणि गिरणी दुसऱ्याची, याचा अर्थ वऱ्हाडी माणसाला पुस्तकातून शिकावा लागत नाही. १६ एप्रिल २०२५ ला बेलोऱ्याहून मुंबईचं विमान सुरू झालं तेव्हा आपण सगळे बघायला गेलो, फोटो टाकले. अकोल्याचं शिवणी अजून धावपट्टीच्या लांबीवरच अडकलेलं आहे. विमानतळ पाहिजेच, त्यासाठी भांडू. पण आपल्याकडची एवढी पोरं दरवर्षी इंजिनिअर होतात, पुण्याला कॉम्प्युटरसमोर बसतात, त्यातल्या दहांना तरी धातू, ज्वलन, टर्बाइन या गोष्टींकडे वळावंसं वाटेल, एवढं पगाराचं आणि प्रयोगशाळेचं बळ सरकारने उभं केलं का, हा प्रश्न निवडणुकीत कुणी विचारत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संरक्षणमंत्र्यांनी सांगितलं, की पुढच्या लढाऊ विमानाचं इंजिन फ्रान्सच्या साफ्रान कंपनीसोबत इथेच घडवणार. चांगलंच आहे. पण करारात पात्याची विद्या येणार का नुसते नटबोल्ट, हे विचारत राहणं आपलं काम. आम्हा पत्रकारांचं तर नक्कीच.

काका आता नाहीत. त्या दिवशी जाताना त्यांनी कात्रण माझ्या टेबलावरच ठेवलं. मी दुरुस्ती छापायची म्हणालो होतो. वरिष्ठ म्हणाले, एवढ्याशा गोष्टीला दुरुस्ती काय छापायची, आणि मी पुढे रेटलं नाही. चूक माझीच. एकवीस वर्षं झाली. तर ही घ्या दुरुस्ती : २००४ मध्ये नाशिकला तयार झालेलं ते सुखोई आपल्या लोकांनी उत्तम जुळवलेलं, पण रशियन आराखड्याचं विमान होतं. स्वदेशी आराखड्याचं आपलं पहिलं जेट लढाऊ विमान मारुत. ते १९६१ मध्येच उडालं होतं.

तुमच्या घरात, गावात कुणी हवाई दलात किंवा ओझरच्या कारखान्यात होतं का? असेल तर खाली लिहा. आणि माझं कुठे चुकलं असेल तर बेधडक सांगा. या वेळी दुरुस्ती त्याच दिवशी टाकीन.